समासातली लाल शाई

शुक्रवारचा सेमिनार विनयाच्या डोक्यातून निघालेला, आणि त्याचा तिला थोडा तोराही होता. लखनौच्या त्या कॉलेजात ती बावीस वर्षं साहित्य शिकवत होती. दर शुक्रवारी एक विद्यार्थी आणि एक प्राध्यापक शेजारी उभे राहून एकच कथा शिकवायचे. बुधवारी दोघांनी आपापली टिपणं एकमेकांना द्यायची, गुरुवारी शेरे मारून परत करायची. प्राध्यापकांनी पेन्सिल वापरायची, लाल शाई फक्त विद्यार्थ्यांची. शेवटी दोघांनी एकमेकांना असा एकेक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला खरोखर ठाऊक नाही. "हमारे यहाँ गुरु की कॉपी भी जाँची जाती है," प्राचार्य पाहुण्यांना कौतुकानं सांगत.

२०१२च्या मार्चमध्ये तिच्या जोडीला चिठ्ठी निघाली ती सावनीची. सावनी म्हणजे विनयाची एकुलती एक मुलगी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. आईशेजारी उभं राहायचं म्हणून ती कुरकुरली नाही, याचंच विनयाला नवल वाटलं. घरात दोघींचं बोलणं वर्षभरापासून सब्जी, दूध आणि गॅस सिलिंडरवर येऊन थांबलं होतं.

वर्षापूर्वी विनयाचा नवरा जगदीश गेला. औषधी वनस्पतींवर संशोधन करणारा माणूस. प्रयोगशाळेतच छातीत कळ आली. चौदाव्या दिवशी विनया वर्गावर हजर. नवऱ्याचे कपडे वाटून झाले होते, आणि कडेचा टवका उडालेला त्याचा निळा कप अलीगंजच्या घरातल्या स्वयंपाकघरातून नाहीसा झाला होता. सावनीनं एकदाच विचारलं, "बाबांचा कप कहाँ है?" विनया म्हणाली, "राहू दे गं आता ते." विषयावर पडदा पडला तो पडलाच.

कप होता. विभागातल्या तिच्या कपाटात, जुन्या कागदांच्या मागे. घरात तो बघवत नव्हता आणि टाकवतही नव्हता. रोज अकरा वाजता कपाटाचं दार आड करून ती त्यातच चहा प्यायची आणि डोळे पुसून वर्गावर जायची. आपण मोडलो तर पोरीनं कुणाकडे बघायचं, हे तिचं शहाणपण. असल्या शहाणपणानं घरं ओस पडतात, पण हे तिला कोण सांगणार?

सावनीनं एम.ए.साठी हैदराबादला मालिनीआत्याकडे जायचं की इथंच राहायचं, हे ठरत नव्हतं. फॉर्मची मुदत सोमवारपर्यंत होती. पोरीनं थांबावं म्हणून विनयाचा जीव तुटत होता, पण तेही ती बोलली नव्हती.

शुक्रवारची कथा रेल्वेतल्या एका गार्डच्या विधवेची होती. पहिल्या पानावर ती बाई दोन कप चहा ओतते, शेवटच्या पानावर एकच. सावनीनं सुरेख शिकवलं, मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा गप्प होती. मग तिनं आईकडे वळून आपला प्रश्न विचारला.

"मैम, दूसरा कप कहाँ गया?"

समोर चाळीस मुलं आणि तीन सहकारी बसले होते. तिनं चष्मा सारखा केला.

"टेक्स्ट में इसका जवाब नहीं है. जो लिखा नहीं गया, उस पर हम अंदाज़ा नहीं लगाएँगे."

"अच्छा," सावनी म्हणाली आणि जाऊन बसली. टाळ्या पडल्या. सोमवारी तिनं हैदराबादचा फॉर्म भरला आणि जूनमध्ये चारबाग स्टेशनवरून गाडीत बसली.

सप्टेंबरात कपाट आवरताना विनयाच्या हाती ती टिपणं आली. तिचीच, सावनीनं गुरुवारी परत केलेली. तिनं ती उघडलीही नव्हती. खरं सांगायचं तर कुठल्याच वर्षी कुठल्याच विद्यार्थ्याची लाल शाई तिनं वाचली नव्हती. कथा तिला तोंडपाठ. पोरं नवं काय सांगणार? नियम केला हेच पुष्कळ, असं तिला वाटायचं.

शेवटच्या पानाच्या समासात लाल अक्षरं होती. आयुष्यभर आईला हिंदीत उत्तर देणाऱ्या पोरीनं मराठीत लिहिलं होतं: "आई, उद्या मी कपाचं विचारणार आहे. घरी विचारवत नाही. तू बाबांना विसरली नाहीस एवढं कळलं तरी मी जाणार नाही. सगळ्यांसमोर नको असेल तर आजच घरी सांग. मी वाट बघते."

विनया खुर्चीत बसली. त्या गुरुवारी घरी गेल्यावर आपण काय बोललो, ते तिला आठवलं. गॅसवाल्याला फोन केलास का, एवढंच.

तिनं हैदराबादला फोन लावला. "सावनी, कप माझ्याकडे आहे. कॉलेजात. रोज त्यातच चहा पिते."

सावनी म्हणाली, "तुमने पढ़ा नहीं था?"

"नाही."

"मुझे लगा, पढ़कर भी वैसा बोला. छह महीने से यही लग रहा है, आई."

विनयाला रडू आवरेना. सावनीनं ते संपेपर्यंत वाट पाहिली.

"किसी और का पढ़ा है कभी?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही गं. कुणाचंच नाही."

"हम लोग जूनियर्स को बताते थे कि मैम एक-एक लाइन पढ़ती हैं," सावनी म्हणाली. "क्लास है, आई. रखती हूँ."

अकरा वाजले होते. चहावाला किटली घेऊन विभागात आला. विनयानं कपाटातून निळा कप काढला आणि सगळ्या सहकाऱ्यांदेखत पुढे केला. जिनं तो बघायला हवा होता, ती हैदराबादला होती.