ठमीचा ओला स्वेटर

मी स्वेटर बोलतोय. नाक मुरडू नका. माझ्या बाह्या लोंबतात, रंग विटलाय आणि अंगाला तलावातल्या औषधाचा वास मारतो, हे मलाही ठाऊक आहे. पण मी जे पाहिलंय ते कपाटातल्या कुठल्याही कोऱ्या करकरीत कपड्यानं पाहिलेलं नाही.

मला ठमीच्या आत्यानं विणलं. ठमी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची लेक, तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाची. आत्याचा हात मुळातच सढळ. "वाढत्या अंगाचा करते, पुढच्या थंडीतही होईल," म्हणत तिनं दुहेरी लोकर घेतली आणि मला असं जाडजूड केलं की मला घातल्यावर ठमीचे हात अंगाला टेकत नसत. पोरीला ऊब द्यायची, एवढंच माझं काम. त्यात मी पटाईत होतो, आणि थोडी शेखीही मिरवत होतो.

ठमीच्या आईबापांची रोपवाटिका होती. मागच्या दारातून बाहेर पडलं की कुंड्यांच्या रांगा आणि रांगांच्या शेवटी जमिनीलगतचा हौद. दिवसभर त्यातून झाऱ्या भरायच्या, त्यामुळे तो बुजवायची सोय नव्हती. भोवती कुंपण होतं, फाटक होतं, पण हातात झाऱ्या असल्या की फाटक लावतो कोण? आईबाप कामात आणि ठमी आत्याजवळ. पाय फुटल्यापासून ठमी सुटली की थेट पाण्याकडेच. एकदा आत्या दूध तापवायला वळली, तेवढ्यात ही हौदाच्या काठावर ओणवी. आईनं धावत येऊन मला पाठीकडून धरलं आणि मागे ओढलं. माझे दोन टाके उसवले. आईच्या तोंडचं पाणी पळालं ते पळालंच.

पोहण्याच्या तलावावर एक बाई होत्या. त्या तान्ह्या आणि रांगत्या मुलांना शिकवायच्या. पोहायला नव्हे. पाण्यात पडलं तर उताणं वळायचं, तोंड वर ठेवायचं आणि कुणी येईपर्यंत तसंच तरंगत राहायचं, एवढंच. आत्यानं हे ऐकलं आणि तिचा पारा चढला.

"पोर पाण्यात पडू नये म्हणून तिला पाण्यात टाकायचं? ही अक्कल कुणाची?"

"ताई, हौद काही हलवता येत नाही," आई म्हणाली. "मग पोरीलाच काहीतरी यायला हवं ना?"

शिकवणीआधी पोटात दूध नको, ही बाईंची पहिली अट. रोज सकाळी मी ठमीच्या अंगावर बसून तलावावर जाई आणि तिथं खुंटीला लटके. खुंटीवरून सगळं दिसायचं. बाई तिचं डोकं तळहातावर घेत, कान पाण्यात बुडू देत, आणि मग हळूहळू एकेक बोट काढून घेत. ठमी भोकाड पसरे. आई पायरीवर बसून ओठ चावत राही.

"रडू द्या तिला," बाई म्हणत. "रडतेय म्हणजे श्वास घेतेय. बुडणारं पोर आवाज करत नाही. म्हणून तर कुणाला पत्ता लागत नाही."

ते ऐकून माझ्या लोकरीवर काटा आला.

बाईंची नजर मात्र पोरीवरून ढळत नसे. ती जरा दमली की लगेच बाहेर, टॉवेलात. "घरी टबात असले प्रयोग करायचे नाहीत," असा दमही त्या आईला देत. असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी बाईंचा हात पूर्ण निघाला आणि ठमी एकटी पाण्यावर पडून राहिली. पाय खाली ओढले की बुडतो, मान मागे टाकली की तरंगतो, हे त्या पोरीला कळलं होतं, जिला अजून 'पाणी' हा शब्दही धड म्हणता येत नव्हता. मी थक्क होऊन बघत राहिलो.

"झालं, शिकली," आई डोळे पुसत म्हणाली.

"हौदापाशी काय घालून फिरते ती?" बाईंनी विचारलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं.

"मग उद्या तोच घालून आणा, बुटांसकट. आणि दिवसभर तिला सांभाळतं कोण? त्यांनाही आणा."

आत्या आली, पण तोंड फुगवून. पाण्यापासून लांब, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बाई पाण्यात हाताच्या अंतरावर होत्या. त्यांनी मला घातलेल्या ठमीला काठावर बसवलं आणि हलकेच कलतं केलं.

साबणाच्या बादलीत भिजणं वेगळं आणि हे वेगळं. माझा टाका न् टाका पाणी पीत सुटला आणि मला काही केल्या थांबता येईना. आत्यानं जितकी माया ओतली होती तितका मी जड होत गेलो. पोर खाली चालली होती. मी तिच्या छातीवर होतो. आतली धडधड मला लागत होती. मला वाटलं, जिला ऊब द्यायची तिचाच जीव मी घेणार. इतका भ्यालो मी, इतका भ्यालो.

आणि मग ती वळली.

तोंड गच्च मिटलेलं. मान मागे गेली, एक खांदा फिरला आणि माझं सगळं ओझं अंगावर घेऊन ती उताणी झाली. नाक वर आलं. छाती भरली तशी माझी वीण ताणली गेली, आणि मग तिनं असा टाहो फोडला की तलाव दणाणला. मला तो आवाज फार आवडला. वीतभर छाती ती, पण तिनं मला, बुटांना, स्वतःला, सगळ्यांना वर धरलं होतं. हे बळ तिच्यात आलं कुठून, ते मला आजही उमगलेलं नाही.

बाईंनी तिला उचललं नाही. भिंतीकडे बघून त्या म्हणाल्या, "आत्याबाई, पोरीनं तिचं काम केलं. आता ती वाट बघतेय."

"मला पाण्याची भीती वाटते हो."

"कमरेएवढंच आहे. इथं मी आहे. हौदापाशी मी नसेन."

आत्या चपला काढायचंही विसरली. कठडा धरत पायऱ्या उतरली. ठमीचं रडणं तोवर थांबलं होतं आणि ती छताकडे बघत पडून होती. आत्यानं तिच्या पाठीखाली दोन्ही हात घातले, म्हणजे मलाच धरलं. त्या बोटांना मी जन्मापासून ओळखतो. त्यांनी माझी वीण घट्ट मुठीत धरली.

"आले गं मी, आले," एवढंच ती म्हणाली.

हौदाचं फाटक आता आपोआप बंद होतं. आत्यानं सुताराच्या डोक्यावर बसून ते करवून घेतलं. ठमी मोठी झाली, मी तिला तोकडा पडू लागलो. मग आत्यानं मला बाईंच्या हवाली केलं. तेव्हापासून मी तलावावरच्या टोपलीत असतो आणि प्रत्येक पोराच्या शेवटच्या परीक्षेला त्याच्या अंगावर चढतो.

एखादा बाप मला पिळता पिळता म्हणतो, "आता काळजी मिटली." तेव्हा मला त्याच्याशी बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटतं. बाबा रे, काळजी मिटलेली नाही. तुझं पोर पाण्यावर तुझी वाट बघेल, पण फार वेळ बघू शकणार नाही. त्याच्यावरची नजर काढू नकोस आणि हटलीच तर धावत ये.

माझ्यासाठी मात्र एकच करा. मला घट्ट पिळा आणि उन्हात टाका. उद्या सकाळी एक नवं पोर येणार आहे. मी त्याला खाली ओढीन, सगळा जोर लावून ओढीन, आणि देवा, मला पुन्हा हरू दे.