गोधडीखालचा तराफा

त्या दिवशी वारा नव्हता. पौष महिना, सकाळची साडेनऊची वेळ, पाण्यावरचं धुकं नुकतंच उठलेलं. ऊन असं कोवळं, की पाठ करून बसून राहावं. पाणी ताटात ओतल्यासारखं निवांत. असे दिवस आमच्याकडं वर्षात थोडेच येतात. त्यातलाच एक साहेबांच्या वाट्याला आला, आणि तिथंच आमचं चुकलं.

मी तराफा बोलतोय. सावकाश बोलेन, तेवढं सांभाळून घ्या. कुणी वल्हं मारल्याशिवाय हलायची मला सवय नाही. शाळेतही मी कधी गेलेलो नाही. शाळेपर्यंत गेलो, रोज गेलो, पण ते दुसऱ्याला पोचवायला.

माझा जन्म पाण्यासाठी झालाच नव्हता. मी मूळचा थर्माकोल. एका कारखान्यात मला फ्रिजच्या खोक्यात बसवलं, फ्रिजला धक्का लागू नये म्हणून. फ्रिज कुणाच्या तरी घरात गेला आणि मी पडेगावच्या भंगारात. माणसांची ही रीत मी तिथं पहिल्यांदा पाहिली. ज्यानं धक्के खाल्ले त्याला बाहेर टाकायचं, आणि ज्याला एकही लागला नाही त्याला घरात मांडायचं.

भंगारात मला पुंडलिक भेटला. जातीनं भोई, मासे धरणारा, तेव्हाच साठीला आलेला. लेक पडेगावला दिलेली, तिला भेटून परत चालला होता. त्यानं मला अंगठ्यानं दाबून पाहिलं, आणि खरबूज पसंत पडल्यासारखा हसला. माझ्यासारख्या चार लाद्या दोरीनं बांधून तो एसटीत चढला. कंडक्टर कावला.

"ओ बाबा, ह्याचं बी तिकीट काढा."

"काढा की. पण मंग ह्याला खिडकीपाशी बसवा," पुंडलिक म्हणाला. सगळी एसटी हसली.

घरी येऊन त्यानं खताच्या रिकाम्या गोण्या उसवल्या, दाभणानं माझ्या अंगावर शिवल्या, खाली-वर बांबू लावून नायलॉनच्या दोरीनं आवळलं. झाला तराफा. वल्हं मारणारा सोडून दोन माणसं आणि एक जाळं, एवढंच वजन त्यानं माझ्यासाठी धरलं होतं. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

आमचं बेट म्हणजे समुद्रातलं नव्हे. गोदावरीला आमच्याकडं गंगा म्हणतात. धरण झालं, गंगेचं पाणी मागं फुगलं, सखल रान सगळं बुडालं आणि एक टेकाड तेवढं वर राहिलं. त्यावर अकरा घरं, एक लिंबाचं झाड आणि एका खोलीची शाळा. पल्याडच्या काठाला आम्ही थडी म्हणतो. थडीच्या गावात दुकान, दवाखाना, मोठी शाळा आणि ग्रामपंचायत. बेट त्याच पंचायतीतलं.

सहा वर्षांपूर्वी थडीला एक बाई येऊन उभ्या राहिल्या. नीरजाबाई. शहरातल्या, कारकुनी घरातल्या, खांद्याला पर्स, पायांत नवे सँडल. बेटावरच्या शाळेत नेमणूक झालेली. मला पाहून म्हणाल्या, "काका, होडी कुठंय?"

"हीच की," पुंडलिक म्हणाला.

बाई मधोमध बसल्या, डोळे गच्च मिटले आणि भीती घालवायला बाराचा पाढा म्हणायला लागल्या. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. बारा पंचे साठ झालं की निम्मं पाणी सरायचं, मग त्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि पाढा थांबायचा. पुढं वाऱ्याच्या दिवसांत हे नेहमीचंच झालं. ऐकून ऐकून पुंडलिकलाही पाढा आला. पण साठपर्यंतच. त्याच्या पुढं काय आहे ते त्याला माहीत नव्हतं, आणि मलाही.

पावसाळ्यात बाईंना पोचवल्यावर वारा वाढला, तर पुंडलिक मला शाळेच्या ओट्यावर आणून उभा करायचा. तिथून दारातून आतलं दिसे. फळ्यावर रोज कोपऱ्यात लिहिलेलं असे, पट आणि हजर. पोरं होती सात. पुंडलिकची नात संस्कृती त्यातली. आई-बाप ऊसतोडीला गेले की सहा महिने ती आज्याजवळच. शाळा बेटावर होती म्हणून मागं राहायची, नाहीतर तीही फडावरच गेली असती. पहिलीत गेली तेव्हा गोणीवरची अक्षरं बोटानं गिरवायची. माझ्या अंगावर काय छापलंय ते मला तिनंच वाचून दाखवलं. मला वाटायचं काही मोठं असेल. निघालं, हूक लावू नका.

निवडणुकीत अप्पाराव माझ्यावर बसून आला होता. तो थडीचा, आता सरपंच. मधल्या पाण्यात म्हणाला, "पुंडलिकआबा, शाळेला हात लावायची कुणाची हिंमत नाय. मी बसलोय ना." बसला होता खरा. माझ्यावरच बसला होता. पाण्यावर दिलेला शब्द मी फार जड धरतो, कारण ऐकायला तिथं दुसरं कुणी नसतं.

मग त्या पौषात निरोप आला. कमी पटाच्या शाळा बघायला मोठे साहेब येणार.

बेटावर कुणाला वाटलं नाही की हे संकट आहे. त्यांना वाटलं पाव्हणा येतोय. साहेब खूश झाला की शाळा राहील, एवढा साधा हिशेब. ओटे सारवले. पुंडलिकनं माझ्या फाटक्या गोण्यांवर नवी गोणी चढवली, बांबूंना काव लावली, झेंडूची माळ बांधली. तरी मधल्या जोडातून पाणी वर यायचंच. थडीला जाणाऱ्या माणसाचं धोतर, लुगडं, दप्तर, काहीतरी भिजायचंच. शेजारची पारूबाई कंबरेवर हात ठेवून बघत होती. तोंडाची फटकळ, पण सगळ्यात आधी धावणारी.

"पुंडलिकभाऊ, नवरदेव सजवला, पण बूड गळतंय त्याचं."

"मंग काय करू?"

ती घरात गेली आणि संदुकीतली कोरी गोधडी घेऊन आली. लेकीच्या बाळंतपणासाठी शिवलेली. घडी करून माझ्यावर हातरली. वरून पाहिलं तर मी पलंगासारखा दिसत होतो.

नीरजाबाई म्हणाल्या, "काका, असू द्या ना जसा आहे तसा. त्यांना दिसू दे."

पुंडलिकला ते पटलं नाही. "पाव्हणा येतोय बाई. त्याला वल्ल्यात, भिजत बसवायचं व्हय?"

साहेब आले. वाईट माणूस नव्हता, खोटं कशाला बोलू. पुंडलिकनं त्यांना आणि अप्पारावला तेवढं घेतलं. दोनच माणसं. पाणी आरशासारखं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, म्हणाले, "बारा मिनिटं फक्त." शाळेत पोरांना वाचायला लावलं, शाबासकी दिली. मग काठाला गुडघाभर पाण्यात मला उभा करून सातही पोरं माझ्यावर बसवली. गोधडीवर, झेंडूच्या माळेत, हसत. फोटो काढला.

जाताना त्यांनी पुंडलिकला विचारलं, "काय काका, येण्याजाण्याला काही त्रास?"

आता आमच्याकडं पाव्हण्यानं असं विचारलं, तर काय सांगतात? घरात दाणा नसला तरी काय सांगतात?

"नाय साहेब," पुंडलिक हात जोडून म्हणाला. "काई तरास नाय."

साहेबांनी ते कागदावर लिहिलं. पुंडलिकनं आनंदानं अंगठा दिला.

फाल्गुनात कागद आला. थडीला अप्पारावच्या माणसानं पुंडलिकच्या हातात दिला. संस्कृती बरोबर होती, तिसरीतली. परतताना मधल्या पाण्यात पुंडलिक म्हणाला, "वाच गं माय, काय म्हणतेत."

तिनं मोठ्यानं वाचायला घेतलं. वाचायची तिला हौस. "बेट… वस्ती… शाळेचा पट सात असल्याने… सदर शाळा बंद करून… विद्यार्थ्यांचे थडीच्या शाळेत समा… समायोजन करावे, असा ग्रामपंचायतीने ठराव केला आहे." ती अडखळली, पण थांबली नाही. बाईंनी शिकवलं होतं, वाक्य अर्धं सोडायचं नाही. "सुरक्षित जल… वाहतुकीची सोय उपलब्ध. छायाचित्र सोबत. ये-जा करण्यास त्रास नसल्याचे पालकांनी सांगितले आहे."

मग तिनं मान वर केली. "आबा, हे तू म्हणला व्हता?"

पुंडलिकनं वल्हं थांबवलं. मी आपला पाण्यावर तसाच फिरत राहिलो, गोल गोल. खाली सरपंचाची सही होती, तीही तिनं वाचली.

दुसऱ्या दिवशी पुंडलिक थडीला गेला. अप्पाराव काठालाच भेटला.

"माझ्या हातात काय व्हतं आबा? वरून दाब. आन् तुम्हीच तर म्हणलात, तरास नाय."

"म्हणलो. पाव्हणा व्हता म्हणून म्हणलो."

"मंग कागदाला काय माहीत, पाव्हणा व्हता का कोन व्हता?"

"तुला तर माहीत व्हतं," पुंडलिक म्हणाला. आवाज चढवला नाही. त्याला चढवता येतच नाही.

अप्पारावनं फोन काढून कानाला लावला. फोन वाजलेला नव्हता.

मला राग कशाचा आला सांगू? शाळा बंद करायला कारण हवं होतं, ते त्यांनी मलाच केलं. सहा वर्षं बाईंना ज्यानं शाळेत पोचवलं, त्याचाच फोटो लावून शाळा मिटवली. मी 'जलवाहतुकीची सोय' झालो. आणि फोटोत गोधडी दिसते, मी दिसत नाही.

बाईंची बदली सिल्लोडकडं झाली. शेवटच्या दिवशी त्या माझ्यावर बसल्या तेव्हा वारा होता, तरी पाढा म्हटला नाही. डोळेही मिटले नाहीत. मागं बघत राहिल्या. निघण्यापूर्वी त्यांनी वरच्या हापिसाला एक अर्ज लिहून पुंडलिकला वाचून दाखवला होता. एकच मागणी. साहेबांनी पुन्हा यावं, पण वाऱ्याच्या दिवशी यावं. उत्तर अजून आलेलं नाही.

जूनपासून सात पोरं थडीला जायला लागली. दोन फेऱ्या. आधी चार, मग तीन. दोन माणसं आणि एक जाळं, हे मी तुम्हाला सांगितलं होतं.

श्रावणात वरच्या धरणातून पाणी सुटलं आणि मागोमाग वारा. त्या सकाळी चौघं होती, संस्कृती पुढं. निम्म्यात आलो आणि लाट आडवी आली. उजव्या बाजूची दोरी सैल झाली, बांबू सरकला. एक दप्तर पाण्यात गेलं, पोरं किंचाळून एका बाजूला झुकली. मी कलंडायला लागलो. मला आवरत नव्हतं, खरंच आवरत नव्हतं.

"हलू नका! मधी बसा! म्हणा माझ्यासंगं," पुंडलिक ओरडला. "बारा एके बारा!"

पोरं रडत रडत म्हणायला लागली. बारा दुणे चोवीस. बारा त्रिक छत्तीस. त्यांनी माझ्या मधल्या जोडावर अंग टाकलं आणि मी जरा सावरलो. पुंडलिकनं माझं तोंड बेटाकडं वळवलं. बारा पंचे साठ झालं. आणि तो अडला. पुढचं त्याला येत नव्हतं, आणि काठ अजून लांब होता.

"बारा सक बहात्तर," संस्कृती म्हणाली. डोळे मिटून, दोन्ही हातांनी बांबू धरून. "बारा साती चौऱ्याऐंशी."

तिच्या पाढ्यावर आम्ही काठाला लागलो. त्या बंद शाळेनंच आम्हाला काठाला लावलं, असं मी म्हणतो.

तेव्हापासून पोरं घरी आहेत. पुंडलिकनं मला उचलून शाळेच्या ओट्यावर आणून उभा केला, पहिल्यासारखा. दाराला कुलूप आहे. पण खिडकीची एक फळी निघालेली आहे, तिच्यातून मला फळा दिसतो. कोपऱ्यात बाईंच्या अक्षरात अजून आहे : पट सात, हजर सात. दिवाळी झाली की संस्कृतीचे आई-बाप ऊसतोडीला निघतील. या वर्षी तिलाही घेऊन जायचं बोलतात. आज्याजवळ ठेवायचं ते शाळेसाठीच ठेवायचं होतं.

ठराव करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मी सोय नाही. मी फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल आहे, आणि माझं बूड गळतं. ते फोटोत नाही, म्हणून स्वतः सांगतो. माझं नाव त्या कागदावरून काढा. माझ्यामुळं मुलं शाळेत गेली, एवढंच माझ्या नावावर राहू द्या.

काल पुंडलिक माझ्या शेजारी ओट्यावर येऊन बसला. हात माझ्या गोणीवर ठेवला. मग स्वतःशीच म्हणाला, "एक शब्द खरा बोललो असतो, तर…"

पारूबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती. थांबली. तिनं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं, पण मारला नाही. घागर खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली,

"एकल्यानं अंगावर घिऊ नका, पुंडलिकभाऊ. गोधडी माझी व्हती. झाकलं ते आपण समद्यांनी मिळून. आता कुनी बी येऊ द्या, साहेब येऊ द्या न्हाईतर त्याचा साहेब, वल्ल्यातच बसवा त्याला."