चौथ्या मजल्याची शर्यत

इस्पितळाच्या लिफ्टचं दार मिटता मिटता धाकट्या भावाला दिसलं, ताई पायऱ्यांना भिडली होती. त्याने कपाळावर हात मारला. मुलींना पोहायला शिकवणारी ही बाई. लिफ्टमध्ये उभं राहायचं म्हणजे तिला पायांचा अपमान वाटे. चौथ्या मजल्यावर दार उघडलं तर ताई आधीच हजर. लालबुंद, धापा टाकत, हसत.

"हरलास. मागच्या खेपेसारखाच."

मागच्या खेपेच्या एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, तिच्या हृदयाची झडप फार गळताना दिसली होती. पुढे जायचं रक्त उलटं फिरत होतं. शस्त्रक्रियेची तारीख ठरायची, त्याआधी डॉक्टरांना पुन्हा एकदा माप हवं होतं. छाती उघडली की तलाव कितीतरी महिने बंद, आणि तलाव बंद म्हणजे ताईचं अर्धं जगणंच बंद.

अंधारलेल्या खोलीत ती डाव्या कुशीवर निजली. तपासणाऱ्या बाईंनी थंडगार जेल लावून छातीवर यंत्राचा दांडा टेकवला. पडद्यावर झडपेचे दोन पदर उघडत होते, मिटत होते, ओल्या पंखांसारखे. पण मिटले तरी फटीतून उलट्या रक्ताचा रंगीत झोत मागे उसळत होता.

बाईंनी झोत मोजलाच नाही. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, तो बराच चढलेला दिसला, आणि विचारलं, हा घोडा एवढा का उधळलाय? भावाने चुगली केली: चार मजले, लिफ्टशी शर्यत. आणि मागच्या वेळी? बाईंनी विचारलं.

"तेव्हाही मीच जिंकले," ताई पुटपुटली.

बाईंना हसू आवरेना. तेव्हा दाब कुणी पाहिलाच नव्हता. दाब चढला की उलट फिरणारं रक्तही जोर धरतं, त्यांनी समजावलं. माप निवांत हृदयाचं लागतं. आता पडून राहायचं, अगदी स्वस्थ.

ताईला तेच जमेना. बोटं चुळबुळत होती. भाऊ तिच्या उशाशी वाकला.

"पाण्याला भिणाऱ्या मुलींना काय सांगतेस तू?"

"अंग सैल सोड, पाणी धरतं."

"मग सोड की."

तिने डोळे मिटले. खांदे उतरले, श्वास लांबला, जणू पाठीखाली पाणीच आलं. दाब हळूहळू खाली आला. बाईंनी पुन्हा दांडा टेकवला, आणि भाऊ खुर्चीतून उठलाच. मघाशी कारंजं होतं तिथे आता बारीकशी धार होती. बाईंनी ती एका ठोक्याला मोजली, दुसऱ्याला मोजली, आणखी काही ठोके धरले, मग डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी पडद्यावरची मापं तपासली. गळती आहे, ते म्हणाले, पण मध्यम. दाबाची गोळी घ्यायची, सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं. शस्त्रक्रिया सध्या नाही.

"आणि तलाव?" ताईचा आवाज एवढासा झाला होता.

"उतरा की. फक्त कुणाशी शर्यत नको."

जाताना ती शहाण्यासारखी लिफ्टमध्ये उभी राहिली, भावाचा हात घट्ट धरून. तळमजल्यावर दार जेमतेम फटभर उघडलं, तोच तिने त्यातून एक पाऊल बाहेर टाकलं.

"जिंकले," ती हळूच म्हणाली.