टाकीतला निःश्वास

गाडीला धाप लागली तशी मैदानात जमलेल्या दोनशे माणसांनी आपापला श्वास रोखला. जागेवरच उभी असलेली ती जुनी लाल गाडी एकदम गुरगुरायची, मग आवाज खाली खाली जायचा, आता मेली असं वाटेपर्यंत, आणि पुन्हा गुर्रर्र! पेडलवर कुणाचाही पाय नव्हता. शेवटी दोन आचके देऊन इंजिन बंद पडलं.

"बघा! पोराचा जीव टाकीत घुसमटतोय!" गाडीबाबा ओरडला. दाढी छातीपर्यंत, कपडे पांढरेशुभ्र, नखांत मात्र काळं ऑइल. चिमूटभर राख घेऊन तो गाडीच्या मागे गेला आणि पेट्रोलच्या टाकीचं चकचकीत झाकण त्याने सावकाश फिरवलं. 'स्स्स' असा लांबलचक आवाज झाला. "निःश्वास सोडला हो लेकराने! मोकळा झाला! आता फिरवा किल्ली."

स्टार्टर थोडा कुरकुरला आणि गाडी शहाण्यासारखी सुरू झाली. टाळ्या पडल्या. माईंनी पदराने डोळे पुसले.

माईंचे यजमान, अप्पा, टाळ्या वाजवत नव्हते. पस्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या आणि नळ्या सांभाळलेला माणूस. आत्म्याबित्म्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण बाबा यायला लागल्यापासून माईंचं रडणं थांबलं होतं, म्हणून ते तोंडात गुळणी धरून बसले होते. आज मात्र त्यांची नजर राखेवर होती. झाकणाच्या कडेवरची राख बाहेर उडाली नाही, फटीतून सर्रकन आत ओढली गेली. निःश्वास बाहेर पडतो. हा आत चालला होता.

त्यांचा मुलगा चार महिन्यांपूर्वी गेला होता. या म्हाताऱ्या गाडीत त्याने दुसऱ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवलं, दोन कार्बोरेटर लावले, बायकोचे केले नाहीत इतके लाड तिचे केले. एका दुपारी हायवेच्या चढावर ती धापा टाकत बंद पडली. सून स्टीअरिंगवर बसली, तो दाराशी उभा राहून ढकलू लागला, आणि शेजारून गेलेल्या ट्रकने त्याला उडवलं. गाडीला ओरखडा नाही, सुनेला खरचटलं नाही. माईंना तेवढं पुरलं.

उरलेलं बाबाने पुरवलं. "जिच्यापायी जीव गेला, ती घरात आहे तोवर आत्मा घुसमटणार, आणि ती गाडीत बसली की हमखास," असं त्याने सांगितलं. मागच्या आठवड्यात घरचे सगळे एकेक करून गाडीत बसले, शेजारच्या पोराने मैदानाला फेऱ्या मारल्या. सगळ्यांत शेवटी सून बसली आणि गाडी गचकली. आज सगळ्यांदेखत तीच परीक्षा पुन्हा होती. आज गचकली तर सुनेने भावाकडे निघून जायचं आणि सहा वर्षांच्या लेकीला इथेच ठेवायचं, असं माईंनी ठरवलं होतं. सुनेची ट्रंक ओसरीवर आणून ठेवलेली होती.

परीक्षेला अर्धा तास होता. अप्पा गॅरेजमध्ये शिरले. फळीवर टाकीचं जुनं झाकण पडलं होतं, गंजलेलं, कुरूप. मधोमध सुई जाईल एवढं भोक. त्यांनी ओठाला लावून फुंकलं. हवा आरपार गेली.

मग त्यांना बाहेरचं चकचकीत झाकण आठवलं.

नवं झाकण त्यांनीच दिलं होतं, मुलाच्या वाढदिवसाला. वळणावर पेट्रोल सांडतं म्हणून तो कुरकुरत होता. अप्पांनी चार दुकानं हिंडून आणलं, जाड रबरी वायसरचं. बूच घट्ट पाहिजे, हे प्रयोगशाळेत त्यांचं नेहमीचं पालुपद. महिन्याभराने मुलगा म्हणाला होता, "अप्पा, गाडी हल्ली धापा टाकते हो."

"थेंब सांडतो का?"

"नाही."

"मग झालं तर."

"सापडलं वाटतं?" दारात गाडीबाबा उभा होता. अप्पांच्या हातातलं झाकण बघून तो हसला. आवाजातला देव गेला होता. "दहा वर्षं गॅरेजात पाना फिरवलाय मी. पहिल्याच दिवशी ओळखलं. टाकी काठोकाठ भरून झाकण लावलं की दहा-पंधरा मिनिटांत दम कोंडतो."

"लाज नाही वाटत?"

"झाकण कुणी आणलं, तेही माईंनी सांगितलंय मला. जा, सांगा लोकांना. मग पोरगा कुणामुळे गेला तेही सांगावं लागेल. सुनेवर आलंय ते तिच्यावरच राहू दे की! ती काय, परक्याचीच."

अप्पांना ते पटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पाच मिनिटांत त्यांनी सुनेला मनातल्या मनात घालवूनही टाकलं.

बाबा गेला आणि सूनच आत आली. हातात कापसाची पुडी. "अप्पा, थंडीत पोरीचा कान दुखतो. झोपताना कापूस घालायचा, फार आत नाही. माई विसरतील. तुम्ही लक्षात ठेवाल ना?"

अप्पांनी पुडी घेतली नाही. जुनं झाकण खिशात घातलं आणि ते मैदानात आले.

बाबाने झाकण उघडून मंत्र पुटपुटले, पुन्हा घट्ट लावलं. चुलते बसले, आत्या बसली, फेऱ्या झाल्या. गाडी मजेत होती. बारा मिनिटं झाली. सुनेने आत पाय टाकला.

"थांब," अप्पा म्हणाले. "आधी बाबांना बसू दे."

"मी कशाला?" बाबाचा चेहरा पडला.

"बसा की! तुमचं तर त्याच्याशी बोलणं आहे," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. नाही म्हणायची सोय उरली नाही. अर्धी फेरी झाली न झाली तोच इंजिन गुरगुरलं, दबलं, पुन्हा गुरगुरलं आणि मेलं.

"अहो, बाबाच पांढऱ्या पायाचे निघाले!" मघाशी टाळ्या पिटणारेच आता पोट धरून हसत होते.

अप्पांनी चकचकीत झाकण काढलं. स्स्स. त्या जागी गंजकं लावलं. "सूनबाई, चालव."

तिने अर्धा तास फेऱ्या मारल्या. मिनिटं लोकांनीच मोजली. गाडी एकदाही अडखळली नाही.

"तेलाच्या डब्याला भोकं किती पाडता?" अप्पांनी विचारलं.

"दोन," एक बाई म्हणाली. "एकातून हवा आत गेली तरच दुसऱ्यातून तेल येतं."

"इथेही तेवढंच आहे. या झाकणातून हवा आत जात नाही. इंजिन पेट्रोल ओढतं, टाकी सोडत नाही. आत कुणी नाही."

"आणि हे झाकण आणलं कुणी?" बाबा किंचाळला. "तेही सांगा ना!"

"मी आणलं," अप्पा म्हणाले. "माझा मुलगा त्याच्यामुळे गेला."

माई पुढे आल्या. "चार महिने तो माझ्याशी बोलत होता," त्या म्हणाल्या. "आज तोही मारलात." आणि घरात निघून गेल्या.

अप्पा लोकांकडे वळले. "गाडी धापा टाकते, हे त्याने मला सांगितलं होतं. मी कारण शोधलं नाही. तुम्हीही शोधलं नाही, तुम्हाला एक बाई सापडली. गाडी बंद पडली तर झाकण बघा, नळी बघा, पेट्रोल बघा. समजत नसेल तर ज्याला समजतं त्याला विचारा. बाईमाणसाचे पाय काय बघता!"

लोकांनी बाबाला बखोटीला धरून बाहेर काढलं. सुनेने गाडी ओसरीला लावली, ट्रंक मागे टाकली, लेकीला पुढे बसवलं.

"आता कशाला जातेस?" अप्पा धावत आले. "कळलं ना सगळ्यांना!"

"लोकांना आज कळलं, अप्पा. मी काही केलं नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चार महिन्यांत एकदा तरी बोललात?"

तिने कापसाची पुडी काचेमागे ठेवली आणि गाडी काढली. कोपऱ्यापर्यंत इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता. अप्पा ते चकचकीत झाकण हातात धरून तो ऐकत राहिले.