तिघांनी कुठे बुडी मारायची

दरवर्षी सुट्टीला कुठल्या समुद्रात जायचं हे ताई ठरवायची आणि भाऊ मान डोलवायचा. कॉलेजात असताना दोघं एकत्रच स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून बुडी मारायला, शिकले होते. तेव्हापासून वर्षातला एक आठवडा दोघांचा, पाण्याखालचा. ताई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी मोजते, भाऊ चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. जमिनीवर दोघांचं कशावरही वाजायचं, पाण्यात मात्र कधी हाताच्या एका खुणेवरूनही भांडण झालं नव्हतं. तोंडात नळी असल्यावर भांडणार तरी कसं, असं त्यांची आई म्हणायची.

यंदा भावाचं लग्न झालं होतं, आणि भावजयीने हौसेने स्कूबाचं शिक्षण घेऊन प्रमाणपत्रही मिळवलं होतं. ती रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात फोन घ्यायची. पलीकडे कुणी आकांत करत असलं तरी पत्ता विचारताना हिचा आवाज तसूभरही हलायचा नाही.

ताईला भावजय आवडायची. अडचण एवढीच, की पाण्याखाली माणसं जोडीने उतरतात. एकाची हवा संपली तर दुसऱ्याने आपली द्यायची, एक अडकला तर दुसऱ्याने सोडवायचं. तिनाला दोनने भागलं की एक बाकी उरते, आणि ती बाकी आपण असणार, हे गणित ताईने भावाच्या लग्नातच, फोटोसाठी हसत उभी असताना सोडवलं होतं. भावाला ती अवाक्षर बोलली नव्हती. पण तेव्हापासून मनात काहीतरी कुसळासारखं टोचत होतं.

म्हणून की काय, तिने यंदा जोरदार प्रवाह असलेल्या एका बेटाचं नाव काढलं.

"हे बघ," रविवारी भावाच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून ती म्हणाली. "पाणी स्वच्छ, तापमान सोसेल असं, आणि भरतीबरोबर खाडीत शिरणारे रे मासे, पाकटासारखे चपटे. एकेकाचा पसारा या टेबलाहून मोठा."

"आणि प्रवाह?"

"प्रवाह आहे म्हणून तर मासे आहेत. प्रवाहातून प्लवक येतं, ते खायला हे येतात."

"मासे का येतात ते मी विचारलं नाही, ताई. हिला उतरू देतील का, ते विचारतोय."

"सुरुवातीला नाही देणार. मग बघू म्हणतात."

'मग बघू' असं कुणीच म्हटलं नव्हतं. ते ताईने त्याच क्षणी जुळवलं, आणि जीभ कशी अडखळली नाही याचं तिलाच नवल वाटलं.

भावजय ताटं विसळत होती. "मला चालेल," ती मागे न बघता म्हणाली. "मी वर तरंगत राहीन. तुम्ही दोघं किती वर्षं त्या माशांचं घोकताय."

"वरून काय दिसणार, डोंबल?" भाऊ म्हणाला. "त्यापेक्षा तो घोड्याच्या नालेच्या आकाराचा उपसागर काय वाईट आहे? समुद्री गवत, समुद्रघोडे, संथ पाणी."

ताईने नाक मुरडलं. "तिथे आपण शिकायला गेलो होतो. बालवाडीत परत नाव घालायचं का?"

"मी बालवाडीतच आहे की," भावजय म्हणाली. त्यावर तिघंही हसले आणि विषय तसाच लोंबकळत राहिला. बुधवारी बंदिस्त जलतरण तलावावर सरावाला जायचंच होतं. त्यानंतर ठरवू, असं भावाने सांगितलं.

तलावावर क्लोरीनचा वास भरून राहिला होता. काठावरच्या ओल्या फरशीवर तिघांनी सामान चढवलं. पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराने जोडीदाराचं सगळं तपासायचं असतं: पट्टे, नळ्या, आणि मुख्य म्हणजे सिलिंडरमधली हवा सोडणारी चावी. ती मानेमागे असते, ज्याची त्याला दिसत नाही. बहीणभावांचे हात इतक्या वर्षांच्या वळणाने एकमेकांकडे गेले. भावाने ताईचा पट्टा आवळला, ताईने त्याची चावी फिरवून पाहिली, आणि हे चालू असताना आईच्या गुडघ्यांबद्दल बोलूनही झालं.

ताईने मान वर केली तेव्हा भावजय जरा लांब उभी होती. कोपर वाकवून, हात मानेमागे नेऊन ती स्वतःची चावी चाचपत होती. चेहऱ्यावर तक्रार नाही, काही नाही. रांगेत आपला नंबर यायचा असल्यासारखी उभी.

"तुझं कुणी तपासलं?" ताईने विचारलं.

"तुमचं चाललं होतं ना. माझं मी बघते."

"ते स्वतःला बघता येत नाही गं."

"हो, तेच कळतंय," भावजय म्हणाली.

ताईने तिचा दाबमापक हातात घेतला. "श्वास घे. मोठा. आता अजून एक." प्रत्येक श्वासाला काटा खाली यायचा आणि पुन्हा वर जायचा. म्हणजे चावी जेमतेम उघडी होती. काठावर तेवढ्यावर भागतं. खोल पाण्यात, जिथे प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते, तिथे भागलं नसतं. ताईने चावी पूर्ण उघडली, पुन्हा श्वास घ्यायला लावला. काटा जागचा हलला नाही.

भावाचा चेहरा उतरला. "हिचा सिलिंडर मीच जोडला होता. जरा उघडून बघितला, आणि तेवढ्यात..."

"तेवढ्यात मी हाक मारली," ताई म्हणाली.

पाण्यात ती भावजयीबरोबर उतरली. भावजय घाई न करता तळाशी गेली आणि तिथेच थांबली. तिचे बुडबुडे इतक्या सावकाश सुटत होते, की ताईला आपलाच श्वास धापेसारखा वाटला.

बाहेर आल्यावर तिघं बाकावर केस पुसत बसले.

"उपसागर," ताई म्हणाली.

"आणि रे मासे?" भावाने विचारलं.

"ते कुठे पळून जाणार आहेत?"

"पळतातच ते, ताई. प्रवाहात राहतात."

ताई हसली नाही. टॉवेलाची घडी घालत ती भावजयीला म्हणाली, "बेटावर 'मग बघू' म्हणतात हे मी माझ्या मनाचं सांगितलं. नवख्यांना तिथे उतरूच देत नाहीत."

"माहीत आहे. मी सोमवारी तिथे फोन केला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला जायचं होतं, ताई. आणि तुमची जोडी जुनी. मी मध्ये कुठे घुसू?"

ताईने घडी केलेला टॉवेल बाकावर ठेवला. मग म्हणाली, "उपसागरात तू माझ्याबरोबर उतर."

"आणि मी?" भाऊ म्हणाला.

"तुला तिथला गाइड."

"मी नवरा आहे तिचा."

"तो पाण्याबाहेर."

"रोज जोड्या बदलू या," भावजयीने निकाल दिला. "नाहीतर हा आठवडाभर तोंड फुगवून बसेल, आणि फुगलेला माणूस खाली जातच नाही."

म्हणजे काही दिवस ताईच्या वाट्यालाही गाइड येणार होता. कुणीतरी अनोळखी माणूस तिचे पट्टे तपासणार, आणि भाऊ हाताच्या अंतरावर नसणार. ताईने ते मनात नीट उलटसुलट करून पाहिलं. दुखत होतं, पण सोसण्याजोगं.

"मग पहिल्या दिवशी तुम्ही दोघं उतरा," ती म्हणाली. "मी गाइडबरोबर, जरा मागून येते."