लेहियम उतरवायची वेळ

अलमेलुबाईंची केमो संपली, रिपोर्ट बघून डॉक्टर हसले, "आता सगळं खा" म्हणाले, आणि तरी अनिरुद्धरावांच्या घरात आनंद काही पाऊल टाकीना. कारण बाई जेवतच नव्हत्या. दोन घास चिवडून ताट सारायच्या. चिंचेचं सार काय नि ताक काय, त्यांच्या जिभेला दोन्ही म्हणजे ओला पुठ्ठा.

यात थोडा दोष अनिरुद्धरावांचाही होता. आलं कॅन्सरच्या पेशी मारतं, असं त्यांनी मोबाइलवर कुठंसं वाचलं आणि तंजावूरजवळच्या पापनाशमच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेला हा माणूस आल्याच्या मागं हात धुऊन लागला. कॉफीत आलं, ताकात आलं, इडलीच्या पिठातसुद्धा आलं. अति तिथं माती. शेवटी बाईंनी पेला बाजूला ठेवला.

"मला औषध नको अत्तां," त्या म्हणाल्या. "अस्कें अंग, डोक्यापासून पायांपर्यंत, औषध जालें."

अनिरुद्धरावांनी मग आपल्या पुतणीला, हरिप्रियाला साक्षीला बोलावलं. ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आल्यातल्या द्रव्यांवरच काम करत होती, तेव्हा ती आपल्या बाजूनं बोलणार याची त्यांना खात्री. तिनं त्यांना तोंडावर पाडलं.

"काका, काचेच्या ताटलीतल्या पेशी आल्याच्या अर्कानें वाढायच्या थांबतात, हें खरें. सूजही उतरते. पण काकू म्हणजे ताटली नव्हे. माणसांवर काय होतें, तें अजून शोधताहेत. काकूला बरें केलें तें डॉक्टरांनीं."

अनिरुद्धराव हिरमुसले. आणि अशातच दीपावली आली.

दीपावलीला पहाटे तेल लावून न्हायचं आणि गोडाधोडाला हात लावायच्या आधी आल्याच्या लेहियमची गोळी चघळायची, ही तंजावूरची रीत. आलं, धणे, मिरी, पिंपळी वाटून गुळात नि तिळाच्या तेलात आटवलेला हा अवलेह. दिवसभराच्या फराळाचा तो आगाऊ बंदोबस्त. गल्लीतल्या सगळ्या घरांना तो अलमेलुबाईंच्या कढईतून जायचा. कढई केव्हा उतरवायची ते त्यांची जीभ ठरवी. जरा आधी उतरवलं तर कच्चं, जरा उशीर झाला तर दगड.

"मेलेल्या जिभेनें काय सांगूं?" यंदा त्या झोपाळ्यावरूनच म्हणाल्या. "शेजारच्या सरोजाला सांगा."

अनिरुद्धराव धास्तावले. रोगाला ते इतके भ्याले नव्हते. आज हिनं कढई सोडली, उद्या ही सगळंच सोडील, असं त्यांना वाटलं.

सणाच्या आदल्या दुपारी त्यांनी स्वतःच चूल पेटवली. मदतीला सरोजा आली. भली बाई, पण तिला सगळंच छान लागे. कच्चा वास मारत होता तेव्हाही छान, गूळ घातल्यावरही छान. घोटून घोटून अनिरुद्धरावांचा खांदा दुखायला लागला, कढईच्या कडेनं तेल सुटू लागलं, आणि उतरवावं की नाही ते काही कळेना. ते चमच्यावर थोडं घेऊन झोपाळ्यापाशी गेले. बरं करायचा विचार त्या वेळी त्यांच्या डोक्यात नव्हता. ते खरोखर अडले होते.

"औषध नव्हे गं. मला कळत नाहीं. उतरवूं का नको, एवढें सांग."

"मला चव कुठें कळते?"

"चव नको काकू," सणाला आलेली हरिप्रिया म्हणाली. "आल्याचा झणका म्हणजे चव नव्हेच. तें भाजणें आहे. त्याची नस वेगळी."

बाईंनी नवऱ्याच्या घामेजलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि चमचा जिभेवर ठेवला. भुवया जवळ आल्या. डोळ्यांत पाणी आलं. अनिरुद्धराव घाबरून तांब्या आणायला वळले, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"कच्चें आहे," त्या म्हणाल्या. "जिभेवरच भाजतें. शिजलें म्हणजे गिळल्यावर, इथें घशांत भाजायला पाहिजे. एवढी वर्सें गणित शिकवलांत, तुम्हांला थांबायला येत नाहीं?"

इतकी गोड बोलणी अनिरुद्धरावांनी लग्नानंतर कधी खाल्ली नव्हती. बाई उठल्या. सरोजाच्या हातून उलथनं घेऊन कढईपुढं उभ्या राहिल्या, विस्तव कमी करायला लावला, आणखी तेल मागितलं. पुन्हा चमचाभर घेतलं. गिळलं. सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले.

"हां," त्या म्हणाल्या. "उतरवा."

सरोजा "छान" म्हणाली, आणि या खेपेला ते खरं होतं. बाईंनी पोटावर हात ठेवला. आत काहीतरी ओळखीचं हललं असावं, कारण त्या जराशा चकित दिसल्या.

"अहो, दुपारचा भात उरला आहे का? मला भूक लागली."

हे तीन शब्द ऐकायला अनिरुद्धराव किती दिवस झुरत होते! त्यांनी भात वाढला, वर ताक ओतलं, आणि समोर मांडी घालून बसले. बाई सावकाश जेवल्या. ताट पुसून काढलं, आणि आणखी भात मागितला.