चांगदेव भावोजींचं 'बस'

आमच्या भावोजींचं पोट तुंबलेलं असतं, हे अंजूरमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. खाडीत होडीतून जाताना त्यांना मधोमध बसवायचे, नाहीतर होडी कलायची. इसबगोल इतका खाल्ला की दुकानदार त्यांच्या नावाचं वेगळं पोतं ठेवायला लागला. एरंडेल प्यायले, तर ते एरंडेलच आत जाऊन मुक्कामाला राहिलं. यातलं थोडं कमी करून घ्या, पण फार नको.

भावोजी म्हणजे चांगदेव, माझ्या आक्काचे यजमान. टेमघरला त्यांचे कापड विणायचे चार लूम होते आणि ते स्वतःच ड्युटीवर उभे राहायचे. चालू लूम सोडून गेलं की नेमका तेव्हाच धागा तुटतो आणि कापड खराब होतं. म्हणून संडासला लागली तरी दाबायचं. धोटा इकडून तिकडे पळायचा, भावोजी जागचे हलायचे नाहीत. अशी वर्षं गेली आणि पुढे पुढे लागेनाशीच झाली.

मग धंदा बसला. भंगारवाल्यानं लूम घणानं फोडले, तेव्हा भावोजी समोरच्या बाकड्यावर चहा पीत होते. मी विचारलं, "वाईट वाटतं का?"

"साखर जास्त झाली," ते म्हणाले.

लेकीच्या, उन्नतीच्या पाठवणीला सगळा मांडव रडला. बेंजोवाल्याच्या डोळ्यांतून इतकं पाणी गेलं की त्याचा बेंजो गंजला. भावोजी रिकाम्या खुर्च्या एकीत एक घालून ठेवत होते.

तर धामणकर नाक्याजवळच्या एका दवाखान्यात आतड्याच्या चालीवर संशोधन सुरू झालं. लूमवर आयुष्य काढलेल्यांची पोटं का अडतात, ते शोधायचं होतं. आक्कानं भावोजींना रिक्षात घातलं, मला शेजारी बसवलं. तिथल्या डॉक्टर मेघाली म्हणजे उन्नतीच्याच वयाची पोर, बोलायला गोड. त्यांनी बारीक रिंगा भरलेली गोळी भावोजींना गिळायला दिली आणि काही दिवसांनी एक्स-रे काढला. रिंगा सगळ्या आतच, जागोजाग.

"हळदीचे पाहुणे," आक्का म्हणाली. "एक पण घरी गेला न्हाय."

मग दुसरी तपासणी. खालून एक फुगा आत सरकवायचा आणि त्यात थोडी थोडी हवा भरत जायची. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. पहिल्यांदा काही जाणवलं की सांगा, जोराची लागल्यासारखं वाटलं की सांगा, आणि सोसेनासं झालं की बस म्हणा. मी आणि आक्का पडद्याबाहेर बसलो होतो. पहिली हवा गेली नाही तोच भावोजींचा आवाज आला.

"कळलं. लागली. बस, डॉक्टर, बस. लय झालं."

डॉक्टरांनी निकाल सांगितला. खालची जाण शाबूत आहे, उलट तिखट आहे. म्हणजे दोष दाराचा नाही, रस्त्याचा. मोठं आतडंच निजलेलं. औषधं करून थकलेत, तर आता ते काढून टाकावं, असं मोठ्या सर्जनांचं मत पडलं. तारीख ठरली.

"पोट कापून आतडा काढतील," आक्का रिक्षात म्हणाली. "तुमाला भ्या न्हाय वाटत?"

"काढूं दे," भावोजी म्हणाले. "तसा पण पडूनच हाय."

आक्का त्या दिवसापासून जेवेना. ती इतकी वाळली की वाऱ्याच्या दिवशी मी तिच्या पदराला धरून चालायचो.

त्याच आठवड्यात शेजारी भाविकची हळद होती. आमच्यात हळदीचं जेवण म्हणजे वडे आणि मटण, आणि वाढणारा ऐकत नसतो. भावोजींच्या ताटात पहिली पळी पडायच्या आतच त्यांनी हात आडवा घातला. "बस, बस. लय झालं."

ही त्यांच्या बापाची शिकवण. दुसऱ्याच्या दारात पोटभर खायचं नाही, घरधन्याला कमी पडता कामा नये. जन्मभर ते असेच जेवले आणि घरी येऊन गुपचूप भाकरी खात आले. आक्काही आग्रहाखातर समोरच्या पंगतीत बसली होती. तिचा हातातला वडा खाली आला.

"अवो," ती म्हणाली, "दवाखान्यात पण असाच बोल्लाव काय?"

"मग?" भावोजी म्हणाले. "ती पोर एवढी राबते. तिची हवा कशाला संपवायची?"

"आणि लागली म्हनालाव ती?"

"ती इचारीत होती. न्हाय कसा म्हनायचा?"

आक्का हात न धुता उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. मेघाली डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी भावोजींना पुन्हा कुशीवर निजवलं. "काका, इथे हवा फुकट आहे. खरंच कळेपर्यंत बोलायचं नाही."

भावोजी बोलले नाहीत. हवा जात राहिली. पडद्याबाहेर आम्हाला नुसता पिचकारीचा दट्ट्या सरकताना ऐकू येत होता. पुष्कळ वेळानं भावोजी म्हणाले, "डॉक्टर, चालू कवा करनार?"

दट्ट्या थांबला. मग डॉक्टर सावकाश म्हणाल्या, "काका, फुगा आता पूर्ण भरलाय. याहून जास्त मी भरत नाही."

"असा?" भावोजी म्हणाले. "मना काय न्हाय."

ऑपरेशन थांबलं. दोष दाराशीच होता. दार ठोठावलेलं घरात ऐकूच येत नव्हतं, आणि म्हणून मागचा सगळा रस्ता तुंबला होता. आता शिकवणी लावायची ठरली. आधी मोठा फुगा, तो ओळखायला यायला लागला की थोडा लहान. आतडं काढण्याचं पुन्हा त्यानंतर बघू, असं ठरलं.

बऱ्याच खेपा कोरड्या गेल्या. डॉक्टर विचारायच्या, "काही?" भावोजी म्हणायचे, "न्हाय." निदान खरं बोलायला शिकले होते. एका दुपारी मी पडद्याबाहेर पेंगत होतो, तेव्हा आतून आवाज आला.

"हाय."

"काय आहे, काका?"

"काय तरी हाय. दारात कोन येऊन उभा हाय, असा."

बाहेर आलो. नाक्यावरच्या एका गाळ्यात लूम चालू होते. भावोजी थबकले. "सुभाष," मला म्हणाले, "एवढा आवाज असतो यांचा?" आणि तिथेच उभे राहिले. मागे रिक्षावाले हॉर्न मारत होते. मी काही त्यांना हलवलं नाही.

त्या दिवशी पोट साफ झालं असं सांगितलं असतं, पण झालं नाही. हल्ली कधी होतं, कधी नाही. सकाळी ते संडासात बसतात आणि आक्का बाहेरून विचारते, "अवो, आला काय कोनी?"

"दारात हाय," आतून उत्तर येतं.

"मग घाई नका करू. येऊं द्या."